‘माले-इझाक’मधला इझाक

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात फ्रान्समध्ये शिकलेल्या माणसाला ‘माले-इझाक’ म्हटलं की शाळा आठवायची. इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांची ती माला होती. आल्बेर माले 1915 साली युद्धात मारले गेले. त्यानंतरचा बहुतेक भार ज्यूल इझाक यांनी उचलला. जन्म 1877, बाप लष्करी अधिकारी, घराणं यहुदी पण धर्मकर्माचं विशेष नव्हे. स्वतः इझाक पहिल्या महायुद्धात लढले, जखमी झाले आणि 1936 मध्ये फ्रेंच शिक्षणखात्याचे महानिरीक्षक झाले. चार वर्षांनी, 1940 च्या ऑक्टोबरात, जर्मनधार्जिण्या विशी सरकारनं यहुद्यांविरुद्ध कायदा केला आणि ते नोकरीतून बाहेर फेकले गेले. पुढे त्या सरकारच्या शिक्षणमंत्र्यानं जाहीरच सांगितलं, की फ्रेंच मुलांनी फ्रान्सचा इतिहास एका इझाककडून शिकणं खपवून घेतलं जाणार नाही.

साठी उलटलेला, पद गेलेला हा माणूस तेव्हा नवा करार मूळ ग्रीकमध्ये वाचायला बसला. यहुद्यांचा हा द्वेष जर्मनीत 1933 साली अचानक उगवलेला नाही, तो युरोपच्या अंगात फार आधीपासून मुरलेला आहे, हे त्यांना दिसत होतं. तो मुरला कसा, याचं उत्तर पाठ्यपुस्तकं लिहिण्यात हयात घालवलेल्या माणसानं शोधलं ते शिकवणुकीत. चर्चमधल्या प्रवचनांत, मुलांच्या धर्मशिक्षणाच्या पुस्तिकांत, उपासनेच्या विधींत. मला इझाक यांचं मोठेपण इथे वाटतं. द्वेष माणसाच्या रक्तातच असतो असं मानून त्यांनी हात टेकले नाहीत. जे शिकवलं जातं ते बदलूनही शिकवता येतं, या एका विश्वासावर त्यांनी उरलेलं आयुष्य लावलं.

मराठी वाचकाला या द्वेषाची जात समजावून सांगावी लागते, हे आपलं भाग्यच. कोकणातले बेने इस्राएल आपल्याकडे ‘शनवार तेली’ म्हणून गावगाड्यात नांदले. त्यांच्यावर देवाला मारल्याचा आळ घ्यावा असं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मनातही आलं नाही. युरोपात मात्र हाच आळ शतकानुशतकं चालत आला. येशूच्या मृत्यूला सगळे यहुदी पिढ्यान् पिढ्या जबाबदार आहेत आणि म्हणूनच देवानं त्यांना देशोधडीला लावलं, ही समजूत लहान मुलांपर्यंत पोचलेली होती. गुड फ्रायडेच्या कॅथलिक उपासनेत तर ती डोळ्यांना दिसायची. त्या दिवशी धर्मगुरू एकेका समूहासाठी प्रार्थना म्हणतात. प्रत्येक प्रार्थनेआधी ‘गुडघे टेका’ अशी हाक येते, सगळं चर्च खाली वाकतं, क्षणभर शांत राहतं आणि मग उठतं. यहुद्यांसाठीच्या प्रार्थनेला ही हाकच नसे. लोक उभेच राहत. शिवाय प्रार्थनेच्या शब्दांत त्यांना विश्वासघातकी म्हटलेलं असे. गुडघे न टेकण्याचं कारण असं दिलं जाई की यहुद्यांनी गुडघे टेकून येशूची चेष्टा केली होती. शुभवर्तमान उघडून पाहिलं तर गुडघे टेकून चेष्टा करणारे पिलाताचे रोमन शिपाई आहेत. दरवर्षी, भर चर्चमध्ये, मूळ ग्रंथात नसलेली गोष्ट हजारो माणसं अंगानं शिकत होती.

इझाक यांचं लेखन चालू असतानाच, ऑक्टोबर 1943 मध्ये, रिओम या गावी गेस्टापोनं त्यांच्या पत्नी लॉर आणि मुलगी ज्युलिएत यांना पकडलं. इझाक त्या वेळी घराबाहेर होते म्हणून वाचले. जावईही पकडला गेला. लॉर यांनी द्रान्सीच्या छावणीतून निरोप धाडला: स्वतःला जपा, हातातलं काम पुरं करा, जगाला त्याची गरज आहे. लॉर आणि ज्युलिएत औशवित्झहून परत आल्या नाहीत. जावईही परतला नाही. इझाक लपतछपत, लोकांकडून मागून आणलेल्या पुस्तकांवर काम करत राहिले. ‘येशू आणि इस्राएल’ हा त्यांचा ग्रंथ 1948 साली प्रसिद्ध झाला. पत्नी आणि मुलीचं आडनाव इझाक होतं एवढ्याच कारणानं त्यांना मारलं गेलं, असं त्यांनी अर्पणपत्रिकेत नोंदवलं आहे.

ग्रंथात 21 मुद्दे आहेत. पद्धत कडक इतिहासकाराची: एका बाजूला शुभवर्तमानाचा मजकूर, दुसऱ्या बाजूला त्यावर ख्रिस्ती भाष्यकारांनी काय लिहिलं ते, आणि दोन्हींमधली तफावत. येशू यहुदी, त्याची आई यहुदी, पहिले शिष्य यहुदी, तो मोशेचं नियमशास्त्र पाळत होता आणि सभास्थानांत शिकवत होता. क्रूस ही रोमन शिक्षा होती.

सगळ्यात बिनतोड आहे तो पांगापांगीचा मुद्दा. चर्चची शिकवण अशी, की येशूला मारल्याची शिक्षा म्हणून इ.स. 70 मध्ये जेरुसलेमचं मंदिर पडलं आणि यहुदी जगभर विखुरले. इझाक सनावळी समोर ठेवतात. बाबेलचा बंदिवास ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातला. इजिप्तमधल्या आलेक्झांद्रियात यहुद्यांची वस्ती इतकी जुनी आणि मोठी, की तिथे त्यांच्या धर्मग्रंथाचं ग्रीक भाषांतर येशूच्या दोनेकशे वर्षं आधीच सुरू झालेलं होतं. नव्या करारातला पौल स्वतः तार्ससचा, आणि तो ज्या ज्या शहरात जातो तिथे त्याला सभास्थान सापडतं. येशूच्या हयातीत बहुसंख्य यहुदी पॅलेस्टाइनबाहेर राहत होते आणि त्याचं नावही त्यांच्या कानावर गेलेलं नव्हतं. अपराधाच्या आधी शिक्षा कशी होईल? पाठ्यपुस्तककाराला तारखांची सवय असते. ती इथे कामाला आली.

ग्रंथ छापून येण्याआधीच त्याचा उपयोग सुरू झाला होता. 1947 च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमधल्या सीलिसबर्ग इथे यहुदी, प्रोटेस्टंट आणि कॅथलिक मंडळी जमली. इझाक 18 सूचना घेऊन गेले होते. परिषदेनं त्यांतून चर्चसाठी दहा सूत्रं तयार केली.

चर्चच्या आतली माणसं या सगळ्यात कुठे होती? तुलूझचे आर्चबिशप सालिएज यांच्यापासून सुरुवात करावी लागेल. पक्षाघातानं त्यांना धड बोलता येत नसे. यहुद्यांना मालगाड्यांत भरून नेलं जात असताना, 23 ऑगस्ट 1942 ला, त्यांनी आपल्या प्रांतातल्या चर्चमध्ये एक छोटं पत्र वाचायला लावलं. यहुदीही माणसंच आहेत, आपले भाऊ आहेत, त्यांच्याशी वाटेल ते वागता येणार नाही, हा त्याचा आशय. युद्धानंतर पोल देमान या धर्मगुरूंनी रने ब्लॉक या विदुषींच्या साथीनं फ्रेंच कॅथलिक मुलांच्या धर्मशिक्षणाची पुस्तकं तपासायला घेतली. कोणत्या पुस्तकात यहुद्यांबद्दल काय छापलंय, याचा हा अभ्यास 1952 मध्ये प्रसिद्ध झाला. काम रूक्ष आणि कंटाळवाणं. पण इझाक जे बाहेरून सांगत होते त्याचा पुरावा आतल्या माणसानं गोळा केला, म्हणून त्याचं मोल फार.

देमान ज्या ‘सियोन’ परिवारातले, त्याची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. स्ट्रासबर्गच्या यहुदी सावकार घराण्यातले थिओडोर आणि आल्फोन्स रातिस्बोन हे दोघे भाऊ ख्रिस्ती होऊन धर्मगुरू झाले. थिओडोर यांनी 1843 मध्ये ‘नोत्र-दाम द सियों’ हा नन्सचा संघ स्थापला. यहुद्यांनी ख्रिस्ताकडे वळावं म्हणून प्रार्थना करणं हे त्या सिस्टर्सचं व्रत. पुढच्या शतकात, नाझी आले तेव्हा, याच सिस्टर्सनी आपल्या मठांचे दरवाजे उघडले. रोममधल्या मठात शंभराहून अधिक यहुदी लपले होते.

आणि याच संघाचं नाव फिनाली प्रकरणात आलं. ऑस्ट्रियातून पळून ग्रनोब्लजवळ राहिलेल्या फिनाली या यहुदी डॉक्टरांना आणि त्यांच्या पत्नीला 1944 मध्ये पकडून नेलं, तेव्हा त्यांची दोन लहान मुलं अखेर आंत्वानेत ब्रून या बाईंकडे आली. त्या शहरातलं बालसंगोपनगृह चालवत. त्यांनी मुलं जगवली यात शंका नाही. पण 1945 मध्ये न्यूझीलंडहून आत्यानं मुलांना मागितलं, तेव्हा ब्रूनबाई चालढकल करत राहिल्या, आणि 1948 मध्ये त्यांनी मुलांना बाप्तिस्मा देववला. बाप्तिस्मा झालेलं मूल ख्रिस्ती, ते यहुदी घरी कसं पाठवायचं, हा मग धर्माचा प्रश्न झाला. कोर्टाचा निकाल नातलगांच्या बाजूनं लागण्याची चिन्हं दिसताच मुलांना एका शाळेतून दुसऱ्या शाळेत हलवलं गेलं. 1953 च्या फेब्रुवारीत बास्क धर्मगुरूंनी त्यांना पिरेनीज ओलांडून स्पेनमध्ये नेलं. ग्रनोब्लच्या सियोन मठाच्या प्रमुख मदर आंतोनीन तुरुंगात गेल्या. चर्चच्या मध्यस्थीनं जूनमध्ये मुलं परत आली आणि पुढच्या महिन्यात इस्राएलला गेली.

या प्रकरणाचा विचार करताना मला मदर आंतोनीन खलनायिका वाटत नाहीत, आणि म्हणूनच ते अधिक छळतं. जिवाची जोखीम घेऊन मुलं लपवणारे हात आणि ती परत न देणारे हात एकाच मठातले होते. दोन्ही वेळा त्या सिस्टर्सना आपण मुलांना वाचवतोय असंच वाटत होतं. इझाक जिला तिरस्काराची शिकवण म्हणत, ती अशी चांगल्या माणसांच्या चांगुलपणातही मिसळून गेलेली होती.

एडिथ स्टाइन यांचं ‘एका यहुदी कुटुंबातलं आयुष्य’ हे आत्मकथन याच्याशेजारी वाचायला हवं. 1891 मध्ये ब्रेस्लाउला जन्म, तत्त्वज्ञ हुसर्ल यांच्या सहकारी, 1922 मध्ये बाप्तिस्मा. 1933 मध्ये हिटलर येताच त्यांनी पोपना पत्र लिहून चर्चनं गप्प राहू नये अशी विनंती केली. त्याच वर्षी हे लेखन हाती घेतलं. ज्या जर्मन तरुणांना यहुद्यांचा द्वेष शिकवला जातोय त्यांना यहुदी घर आतून कसं असतं ते कळावं, हा हेतू. त्या घराचा कणा म्हणजे आई आउगुस्ट. नवरा गेल्यावर लाकडाची वखार चालवून सात मुलं वाढवलेली विधवा. लेक कार्मेलाइट मठात निघाली. निघण्याच्या आधीच्या दिवशी, 12 ऑक्टोबरला, लेकीचा वाढदिवस होता आणि मंडपांच्या सणाची सांगताही. मायलेकी सभास्थानात गेल्या आणि पायी परतल्या. प्रवचन चांगलं झालं ना, मग यहुदी राहूनही माणूस देवभक्त होऊ शकतो ना, असं आई विचारत राहिली. लेकीनं तेही नाकारलं नाही. पण ती थांबलीही नाही. 1942 च्या जुलैत डच बिशपांनी यहुद्यांच्या हद्दपारीचा जाहीर निषेध केला. सूड म्हणून नाझींनी तिथल्या कॅथलिक झालेल्या यहुद्यांना उचललं. तेव्हा हॉलंडच्या मठात असलेल्या सिस्टर एडिथ आणि त्यांची बहीण रोझा त्यांत होत्या; दोघी औशवित्झमध्ये मारल्या गेल्या. चर्चनं 1987 मध्ये त्यांना हुतात्मा म्हणून धन्य घोषित केलं, तेव्हा त्या मेल्या त्या ख्रिस्ती म्हणून की यहुदी म्हणून, हा वाद पेटला. भाची सुझान बात्झडॉर्फ यांनी ‘एडिथमावशी’ या पुस्तकात घरच्यांची बाजू मांडली आहे. संतपदाच्या ग्रंथांत ती एरवी हरवते.

इझाक यांनी 1949 मध्ये पोप बारावे पायस यांच्यापुढे गुड फ्रायडेच्या प्रार्थनेचा विषय काढला होता. 1955 च्या सुधारणेत त्या प्रार्थनेलाही गुडघे टेकणं आलं. ‘विश्वासघातकी’ हे विशेषण 1959 मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी काढलं. युद्धकाळात इस्तंबूलला असताना त्यांनी यहुद्यांना मदत केली होती. त्यांच्या भेटीला 13 जून 1960 रोजी 82 वर्षांचे इझाक कागदपत्रांचं बाड घेऊन गेले. त्यात एक खास मुद्दा होता: सोळाव्या शतकातल्या ट्रेंट परिषदेच्या धर्मशिक्षणग्रंथातच ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष सगळ्या पापी माणसांवर ठेवलेला आहे. म्हणजे नवं काही मागायचं नव्हतं, चर्चनं आपलंच पुस्तक वाचायचं होतं. थोडी तरी आशा घेऊन जाऊ का, असं इझाक यांनी निघताना विचारलं. पोप म्हणाले, आशेहून जास्त मिळण्याचा तुमचा हक्क आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेसाठी यहुद्यांविषयीचा जाहीरनामा तयार करण्याचं काम जर्मन जेझुइट कार्डिनल बेआ यांच्याकडे आलं. मसुदा करणाऱ्यांत जॉन ओस्टरराइखर आणि ग्रेगरी बाउम होते. दोघेही जन्मानं यहुदी वंशाचे धर्मगुरू, आणि ओस्टरराइखर यांचे आईवडील नाझींच्या छावण्यांत गेलेले. अशा माणसांच्या मतांतराचा इतिहास जॉन कॉनेली यांच्या 2012 मधल्या ‘शत्रूपासून भावापर्यंत’ या अभ्यासात आहे. मसुद्याला विरोध जबर झाला. अरब देशांच्या सरकारांना त्यात राजकारण दिसलं, परंपरावादी बिशपांना धर्मद्रोह. 1964 च्या मसुद्यात यहुदी कधीतरी चर्चमध्ये येतील अशी आशा डोकावली, तेव्हा रब्बी हेशेल यांनी पोप सहावे पॉल यांना भेटून निषेध केला.

त्याच डिसेंबरात पोप मुंबईला आले आणि इतर धर्मीयांपुढे बोलताना त्यांनी उपनिषदातल्या प्रार्थनेचा आधार घेतला. यहुद्यांपुरता सुरू झालेला मसुदा तोवर सर्व धर्मांना कवेत घेऊ लागला होता. अखेर 28 ऑक्टोबर 1965 ला ‘नोस्त्रा एताते’ हा जाहीरनामा परिषदेत 2221 विरुद्ध 88 मतांनी संमत झाला, त्यात हिंदू आणि बौद्ध धर्मांचाही आदरानं उल्लेख आहे. ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सरसकट सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. देवहत्येचा आरोप नाव घेऊन धिक्कारणारे शब्द मात्र वाटाघाटीत गळले. ते ठेवायला हवे होते असं मला ठामपणे वाटतं. इझाक सप्टेंबर 1963 मध्येच गेले होते.

सियोनच्या सिस्टर्सनी धर्मांतराची जुनी प्रार्थना सोडून यहुदी परंपरेचा अभ्यास हे आपलं काम केलं. व्हॅटिकननं 2015 मध्ये लिहून दिलं, की यहुद्यांच्या धर्मांतरासाठी चर्च कोणतंही संस्थात्मक मिशन चालवणार नाही. शिकवणुकीतली दुरुस्ती अजून चालू आहे. बेआ ज्या बायबल संस्थेचे कधीकाळी प्रमुख होते तिनं 2019 मध्ये रोममध्ये परुश्यांवर परिषद भरवली. प्रवचनांत दांभिकपणाचा नमुना म्हणून ज्यांना उभं केलं जातं तेच हे परुशी. परिषदेतले निबंध 2021 मध्ये ग्रंथरूपानं आले. एका संपादक एमी-जिल लेव्हाइन या स्वतः यहुदी असून नव्या कराराच्या अभ्यासक आहेत, आणि वर्गात व व्यासपीठावरून परुशी कसे शिकवावेत हे सांगणारं प्रकरण त्यांनी लिहिलं आहे.