अक्षरांखालचा उजेड

वीज गेलेली असताना लॅपटॉपवर काम करणारे कुणी तुम्ही पाहिले असेल. खोलीत मिट्ट काळोख, पण बोटांखालची अक्षरे मात्र मंद तेवत असतात. हा उजेड येतो कोठून? प्रत्येक कळीखाली एकेक दिवा बसवलेला असतो काय? लॅपटॉपच्या कळफलकावर ८० च्या आसपास कळा असतात. तेवढे दिवे बसवायचे म्हणजे तेवढे सांधे, तेवढ्या तारा आणि तेवढ्याच बिघाडाच्या जागा! खेळांसाठी बनवलेल्या काही महागड्या रंगीत यंत्रांत असे दिवे असतातही. पण नेहमीच्या लॅपटॉपमध्ये मोजके दिवे असतात आणि उरलेले काम एक पातळ प्लॅस्टिकची चकती करते.

ही चकती समजून घेतली, की दिवा लागेनासा झाल्यावर काय करावे हेही आपोआप समजते. नुसती एक कळ दाबायची राहिली असताना कुणी सबंध कळफलक बदलून घ्यायला सांगितले, तर ते आपल्याला ओळखता आले पाहिजे. त्यात घरच्यांच्या पैशांचा प्रश्न असतो.

आरंभी थोडा इतिहास. आय.बी.एम. कंपनीच्या थिंकपॅड लॅपटॉपांत २००० सालच्या सुमारास एक साधी युक्ती होती. पडद्याच्या वरच्या कडेला एक इवलासा दिवा असे. एफएन ही कळ दाबून धरून पेज अप दाबले, की तो लागे आणि खालच्या कळांवर उजेड पडे. टेबलावरच्या दिव्याचेच हे लहान रूप! २००३ च्या जानेवारीत अ‍ॅपल कंपनीने १७ इंची पडद्याचा पॉवरबुक जी४ जाहीर केला. त्यात प्रकाश खालून, प्रकाशतंतूंमधून कळांपर्यंत नेला होता. भोवतालचा उजेड मोजणारे संवेदकही त्यात होते; अंधार पडला की अक्षरे आपोआप उजळत.

दिवा म्हणजे अर्थातच एलईडी. अर्धवाहक स्फटिकातून वीज जाताना प्रकाश पडतो, हे इंग्लंडच्या हेन्री राउंड यांनी १९०७ सालीच कार्बोरंडमच्या स्फटिकात पाहिले होते. लाल प्रकाशाचा उपयुक्त एलईडी अमेरिकेच्या निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये बनवला. निळ्याने मात्र आणखी तीस वर्षे वाट पाहायला लावली. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी ते कोडे सोडवले व त्यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळा मिळाल्यावर पांढरा सोपा झाला. निळ्या एलईडीवर पिवळा प्रकाश देणाऱ्या स्फुरद्रव्याचा थर दिला, की निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरा दिसतो. तुमच्या कळांखाली तोच आहे.

आता त्या चकतीकडे वळू. कळफलक म्हणजे थरांची चळत असते. वर कळीची टोपी, तिच्याखाली कात्रीसारखी उघडमीट करणारी पकड व रबराची लहान घुमटी, त्याखाली विद्युतमंडल छापलेले पातळ पापुद्रे आणि भोके पाडलेला धातूचा पत्रा. या सर्वांच्या तळाशी पारदर्शक प्लॅस्टिकची चकती आणि तिच्याखाली पांढरा चकचकीत कागद. एलईडी या चकतीच्या कडेला किंवा मधल्या खाचेत आडवे बसवलेले असतात. प्रकाश आडवाच आत शिरतो.

तो बाहेर का पडत नाही? याचे उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकात आहे : पूर्ण आंतरिक परावर्तन. घन माध्यमातून विरळ माध्यमात जाणारा किरण स्तंभिकेशी क्रांतिक कोनापेक्षा मोठा कोन करत असेल, तर तो बाहेर न पडता आतच परततो. पाण्यासाठी हा कोन सुमारे ४९ अंश, तर अ‍ॅक्रिलिक प्लॅस्टिकसाठी सुमारे ४२ अंश असतो. चकती इतकी पातळ असते, की कडेने शिरलेला किरण वरच्या व खालच्या पृष्ठांवर तिरकाच आदळतो आणि ठेचकाळत पुढे जात राहतो.

हे घरी करून पाहण्यासारखे आहे. प्लॅस्टिकची पारदर्शक बाटली घ्या. तळाशी पेन्सिलच्या जाडीचे भोक पाडा, त्यावर बोट ठेवून बाटली पाण्याने भरा आणि दुधाचे दोन थेंब टाका. खोलीत अंधार करा. भोकाच्या नेमक्या समोरच्या बाजूने बारीक झोताच्या विजेरीचा प्रकाश भोकावर पाडा आणि बोट काढा. पाण्याची धार वाकून खाली येईल आणि प्रकाशही तिच्याबरोबर वाकून येईल. धारेखाली तळहात धरलात तर हातावर उजेडाचा ठिपका दिसेल. जिनिव्हामध्ये डॅनियल कोलाडाँ यांनी १८४० च्या सुमारास हाच प्रयोग करून लोकांना थक्क केले होते. (लेझरने तो अधिक ठसठशीत दिसतो, पण लेझर शिक्षकांच्या हातात असावा आणि कुणाच्याही डोळ्याच्या रोखाने नसावा.)

पण मग एक अडचण उभी राहते. प्रकाश चकतीत कोंडूनच राहिला, तर अक्षरे उजळणार कशी? त्यासाठी चकतीच्या पृष्ठावर बारीक ठिपके उठवलेले असतात. किरण ठिपक्यावर आदळला, की त्याची दिशा बिघडते, कोन लहान होतो आणि तो वर निसटतो. गंमत अशी, की हे ठिपके सगळीकडे सारखे नसतात. एलईडीजवळ ते विरळ असतात, दूर जावे तसे दाट होत जातात. आपल्याकडचा पाटाच्या पाण्याचा अनुभव आठवा. कालव्याच्या तोंडाशी असणाऱ्यांनी मोठी दारे उघडली, तर शेपटाकडच्या शेतात थेंब पोचत नाही. म्हणून तोंडाशी दार लहान, शेवटाला मोठे. प्रकाशाची ही पाळीपत्रकेच होत! वर आलेला प्रकाश पत्र्याच्या भोकांतून कळीच्या टोपीपर्यंत जातो. टोपी अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची असते, तिच्यावर काळा रंग असतो आणि अक्षराच्या आकारात तो रंग लेझरने उडवलेला असतो. तेवढ्यातूनच उजेड दिसतो.

याला वीज किती लागते? पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात. त्यातून २० मिलिअँपिअर प्रवाह गेला तर शक्ती ०.०६ वॅट होते. समजा, असे ६ एलईडी आहेत; म्हणजे ०.३६ वॅट. पाच तासांत १.८ वॅट-तास खर्च झाले. बॅटरी ५० वॅट-तासांची असेल, तर हा खर्च चार टक्क्यांहूनही कमीच. फारसा नाही, पण प्रवासात विनाकारण करू नये इतका आहे.

आता मुख्य प्रश्न. दिवा लागत नाही. काय करावे?

आधी दिवा आहे का ते पाहा! पुष्कळ स्वस्त यंत्रांत तो नसतोच. सर्वांत वरच्या एफ१ ते एफ१२ या रांगेत, अथवा स्पेसच्या लांब कळीवर, किरण फुटणाऱ्या कळफलकाचे छोटे चित्र शोधा. ते नसेल, तर यंत्राच्या तळावरील नमुना क्रमांक घेऊन निर्मात्याच्या माहितीपत्रकात खात्री करा. चित्र सापडले तर ती कळ दाबा. काही यंत्रांत तिच्याबरोबर एफएन दाबून धरावी लागते. थिंकपॅडच्या दिवेवाल्या नमुन्यांत एफएन आणि स्पेस ही जोडी चालते. पहिल्या दाबाला मंद, दुसऱ्याला प्रखर, तिसऱ्याला बंद असे चक्र असते. म्हणून एकदा दाबून थांबू नका. मॅकबुकांत पूर्वी एफ५ व एफ६ ही कामे करीत. नव्या काही मॅकबुकांत त्या कळांना दुसरे काम दिले आहे. तेथे पडद्याच्या वरच्या पट्टीतील नियंत्रण केंद्रात सरकपट्टी मिळते. एफएन ही कळच ‘अडकवून’ ठेवायची सोयही बऱ्याच यंत्रांत असते, बहुधा एफएन आणि एस्केप मिळून. ती चुकून दाबली गेली, की वरच्या रांगेतील सर्व कळांचे वागणे उलटे होते.

दिवा लागून काही सेकंदांतच विझतो, ही तक्रार तर वारंवार ऐकू येते. तो बिघाड नव्हे. बॅटरी वाचवण्यासाठी हात थांबला की दिवा विझावा, अशी मुदत ठरवलेली असते. कुठलीही कळ दाबा, पुन्हा लागेल. दिवसा लागत नाही, रात्री लागतो? मग उजेड मोजणारा संवेदक आपले काम करतो आहे. उलट संवेदकावर चिकटपट्टी किंवा कॅमेऱ्याचे झाकण आले, तर यंत्राला भरदुपारीही रात्र वाटते.

एवढ्याने भागले नाही, तर बिघाड शोधायची एक उत्तम रीत आहे : साखळी मधोमध तोडून पाहायची. कळ, तिची हाक ऐकणारी नियंत्रक चिप, कार्यप्रणालीतील आज्ञावली, वीज नेणारी चपटी पट्टी, एलईडी अशी ही साखळी आहे. यंत्र सुरू होताना ठरावीक कळ दाबली (डेलमध्ये एफ२, एचपीमध्ये एफ१०, थिंकपॅडमध्ये एफ१), की विंडोज सुरू होण्याआधीचा बायॉस हा पडदा येतो. तेथे दिव्याची कळ दाबून पाहा. दिवा लागला, तर पट्टी आणि एलईडी धडधाकट आहेत. दोष विंडोजमधील आज्ञावलीत आहे आणि निर्मात्याने दिलेली आज्ञावली पुन्हा बसवून तो जाईल. पैसा एक नाही! काही यंत्रांत दिवा बंद ठेवण्याचा पर्याय व मुदत याच पडद्यावर असतात. इतर कशालाही हात लावू नका. बायॉसमध्येही दिवा लागला नाही, तर लगेच निराश होऊ नका. काही यंत्रांत कळ आज्ञावलीमार्फतच चालते. नियंत्रक चिपच रुसलेली असू शकते. यंत्र बंद करा, चार्जर काढा, चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग पुन्हा सुरू करा.

तरीही अंधारच असेल, तर अंधाराचा आकार पाहा. येथे आपली चकती कामास येते. एकाच कोपऱ्यात काळोख असेल, तर त्या भागाचा एलईडी गेला किंवा चकती सरकली. चहा सांडल्यानंतर डाग पडल्यासारखा उजेड दिसत असेल, तर थरांमध्ये ओल शिरली आहे. सगळेच विझले असेल, तर पट्टी निसटलेली असू शकते. एलईडी एकसर जोडणीत असतील, तर दिवाळीच्या जुन्या माळेप्रमाणे एक गेला की सगळे जातात.

आतले काम मात्र जाणत्याकडूनच करून घ्या. बॅटरीची जोडणी काढल्याशिवाय पट्टीला हात लावायचा नसतो, आणि पट्टीची नाजूक खिट्टी ओढाताणीत तुटते. कळफलक मधोमध फुगून वर आलेला दिसला, तर दिव्याचा विचार सोडा. खालची बॅटरी फुगलेली असण्याचा संभव आहे. यंत्र बंद करा, चार्जर लावू नका, फुगवटा दाबू नका आणि मोठ्या माणसांना सांगा. अशी बॅटरी पेट घेऊ शकते.

कळफलक बदलायचाच झाला, तर दुकानदाराला दोन गोष्टी विचारा. एकाच नमुन्याचे दिवेवाले आणि बिनदिव्याचे, असे दोन्ही कळफलक मिळतात आणि वरून ते जवळजवळ सारखेच दिसतात. आपल्याला कोणता मिळतो आहे? आणि मूळ यंत्र बिनदिव्याचे असेल, तर त्याच्या मुख्य पाटीवर दिव्याच्या पट्टीसाठी वेगळी खाच आहे काय? अक्षरांच्या कळांची पट्टी निराळी असते, दिव्याची ही निराळी, जास्त अरुंद. ती खाच नसेल, तर नवा कळफलक अक्षरे उमटवील, पण उजळणार नाही.