जुन्या फोटोतील मोटार कशी ओळखावी?

आपले राजेश्वर सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरचे गाव. आपल्या भागातील अनेक घरांच्या जुन्या पेट्यांतून एखादा तरी असा फोटो निघतो की ज्यात मधोमध मोटार उभी आहे, फूटबोर्डावर फेटेवाली मंडळी बसली आहेत आणि मागे ना नाव आहे ना साल. घरात विचारावे तर एक म्हणतो हे पणजोबा, दुसरा म्हणतो हे त्यांचे धाकटे बंधू. ज्यांना नक्की ठाऊक होते ती माणसे एकेक करून गेली.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. १९४७-४८ च्या रझाकारी धामधुमीत या भागातील कित्येक कुटुंबे घरदार टाकून हद्दीपलीकडे सोलापूरकडे गेली. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांत आपल्या मुसलमान शेजाऱ्यांचीही अनेक घरे उजाड झाली. त्या पळापळीत कागदपत्रे गेली आणि हाती उरले ते असे दोनचार फोटो. फोटोतील माणसे बोलत नाहीत, परंतु शेजारी उभी असलेली मोटार पुष्कळ सांगते. मोटारीचे साल कळले की फोटो कोणत्या सालाआधीचा नाही हे कळते, आणि तेवढ्यावरून माणसांची ओळख पटविण्यास आधार मिळतो.

प्रथम पाहावे ते मोटारीचे तोंड, म्हणजे रेडिएटर. पूर्वी पुष्कळदा सांगाडा व इंजिन एका कंपनीचे आणि वरची बॉडी दुसऱ्याच कारागिराची असे. त्यामुळे बॉडीवरून फसगत होते, तोंडावरून सहसा होत नाही. रोल्स-रॉइसचा रेडिएटर देवळाच्या दर्शनी भागासारखा, वर त्रिकोणी. १९२६ पूर्वीच्या मॉरिसचा रेडिएटर वरून गोलसर, बैलाच्या नाकासारखा. पुढे तो सपाट झाला. शेव्हरोलेवर गळ्यातील बो-टायच्या आकाराचे चिन्ह असते, तर जुन्या डॉजवर दोन त्रिकोण गुंतवून केलेला सहाकोनी तारा. भिंगातून पाहिल्यास ही चिन्हे पुष्कळदा दिसतात.

त्या काळात जगात सर्वांत जास्त खपलेली गाडी म्हणजे फोर्डची मॉडेल टी. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक गाड्या निघाल्या. तिचा रेडिएटर १९१६ पर्यंत चकचकीत पितळी असे, १९१७ च्या गाडीपासून तो काळा झाला आणि मडगार्डांना गोलाई आली. पुढच्या चाकांना ब्रेक आले ते त्यानंतरच्या मॉडेल ए या गाडीला.

कंपनीचे नाव कळले नाही तरी काळ ठरविता येतो. कार्बाइडच्या गॅसवर जळणारे मोठे पितळी दिवे असतील तर मोटार बहुधा १९१५ च्या आगेमागेची किंवा त्याहून जुनी. विजेचे सुटे दिवे साधारण १९३५ पर्यंत; त्यानंतर ते हळूहळू मडगार्डात बसले. दुसऱ्या महायुद्धानंतर फूटबोर्डही नाहीसा होत गेला. चाकांचे लाकडी आरे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत पुष्कळ गाड्यांना असत. जादा चाकाला आपण ‘स्टेपनी’ म्हणतो, तो शब्दही एका जुन्या कंपनीचा आहे. वेल्समधील लानेली गावी १९०४ मध्ये स्टेपनी या नावाने असे चाक विकले जाऊ लागले, आणि नाव आपल्याकडे कायमचे राहिले.

हिंदुस्थानातील घडामोडीही ध्यानात ठेवाव्या. फोर्डने १९२६ मध्ये येथे आपली कंपनी काढली आणि जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. निजाम स्टेट रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी संस्थानात वाहतूक सुरू केली. तेव्हा फोटोत रेल्वेची बस असेल तर तो त्याआधीचा नव्हे. महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले आणि गाड्या कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या. गाडीला भट्टीचे पिंप जोडलेले दिसले तर फोटो त्या काळचा समजावा. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीने पुढे डॉज, प्लिमथ, डी सोटो अशा गाड्या जोडल्या. त्यांत नावे निराळी असली तरी गाड्या जवळजवळ सारख्याच, म्हणून तेथे नावाचा हट्ट धरू नये.

आता सावधगिरीच्या चार गोष्टी. पहिली, मोटारीचे साल म्हणजे फोटोचे साल नव्हे. खेड्यापाड्यांत एकेक गाडी पंधरा-वीस वर्षे चाले. दुसरी, मोटार त्या माणसाचीच असेल असे नाही. फोटोवाल्यांकडे रंगविलेले पडदे आणि लाकडी मोटारीही असत. तिसरी, आपल्याकडे सुकाणू उजवीकडे असते. ते डावीकडे दिसले तर नंबरप्लेटची अक्षरे आणि कोटाची बटणे पाहावी. तीही उलटी असतील तर फोटोच उलटा छापला गेला आहे. चौथी, मालकी गाडीच्या सालावरून ठरत नाही. निजामांची प्रसिद्ध पिवळी रोल्स-रॉइस सहावे निजाम महबूब अली खान यांनी मागविली, परंतु ऑगस्ट १९११ मध्ये ते वारले आणि गाडी आली ती सातव्या निजामांच्या पदरी.

फोटोची पाठ अवश्य पाहावी. संस्थानात फसली सन चाले. त्यात ५९० किंवा ५९१ मिळविले की इसवी सन येतो, कारण फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. १३४० फसली म्हणजे ऑक्टोबर १९३० ते ऑक्टोबर १९३१. मजकूर उर्दूत किंवा मोडीत असेल तर जाणकाराकडून वाचून घ्यावा. पुठ्ठ्यावर स्टुडिओचे नाव असते, तेही उपयोगी पडते. मात्र राजा दीनदयाळ १९०५ मध्ये वारले. त्यानंतरच्या फोटोवर त्यांच्या स्टुडिओचे नाव असले तरी तो त्यांनी स्वतः काढलेला नव्हे.

हे सर्व एकत्र कसे लावावे? समजा, फोटोत काळ्या रेडिएटरची, लाकडी आऱ्यांची मॉडेल टी आहे. म्हणजे फोटो १९१७ पूर्वीचा नव्हे. फूटबोर्डावर दहाएक वर्षांचा मुलगा आहे, आणि तो कोण हे घरात ठाऊक आहे. शाळेच्या दाखल्यावर त्याचा जन्म १९२१ चा. म्हणजे फोटो १९३१ च्या सुमाराचा. ज्यांना आपण पणजोबा समजत होतो ते १९१५ मध्येच वारले असतील, तर खुर्चीवरील गृहस्थ दुसरे कोणी आहेत, आणि इतकी वर्षे नाव न मिळालेल्या एखाद्या काकांचा तो एकमेव फोटो असू शकेल.

म्हणून सभासद बंधुभगिनींना आमची विनंती आहे. फोटो ओला करू नये, ओढून चौकटीतून काढू नये, पुढच्या बाजूस काही लिहू नये. दोन्ही बाजूंचे चित्र मोबाइलवर घेऊन ठेवावे. मोबाइल मोटारीचे नाव सुचवितो, पण ते दिवे, चाके व रेडिएटर यांवरून ताडून पाहावे. नंतर घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून एकेका माणसाचे नाव विचारावे आणि मऊ पेन्सिलीने मागे कडेला लिहावे. जे खात्रीचे नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह घालावे. हे काम या सुटीतच करावे. सांगणारी माणसे आता थोडी राहिली आहेत.