न्हाणीतली दांडी : टॉवेलची वेगळी, आधाराची वेगळी



2014 पासून स्वच्छ भारत मिशनच्या 12,000 रुपयांच्या अनुदानातून आपल्या जिल्ह्यात गावोगावी संडास झाले. कुणी लागूनच न्हाणी बांधली, टॉवेल टाकायला दांडी बसवली. पण सासूबाई असो की पोटुशी सून, उठताना हाताशी येईल तेच धरते. टॉवेलची दांडी ओला कपडा पेलते, माणूस नाही. ती उपटली आणि म्हाताऱ्या माणसाच्या खुब्याचं हाड मोडलं, की महिनोन् महिने अंथरूण. म्हणून आधाराची दांडी वेगळी बसवा.

दांडी कशी घ्यावी : न गंजणाऱ्या स्टीलची, सव्वा ते दीड इंच जाडीची, मुठीत नीट बसणारी. भिंत आणि दांडी यांत दीड इंच फट हवी.

कुठे लावावी : उभ्याने धरायची तर जमिनीपासून पावणेतीन ते तीन फुटांवर. संडासच्या भांड्यावरून उठण्यासाठी उभी किंवा तिरपी बरी. जिच्यासाठी लावायची तिलाच बसवून-उठवून बघा. हात जातो तिथे खडूने खूण करा. टॉवेलची दांडी मात्र हात जाणार नाही अशा जागी, उंचावर.

भिंत तपासा : ठोकून बघा. पोकळ आवाज आला, गिलावा भुसभुशीत असला तर तिथे नको. आपल्या काळ्या जमिनीवरच्या भिंतींना तडे जातात, तड्याजवळही नको.

छिद्र पाडताना : नळाच्या सरळ वर-खाली किंवा आडव्या रेषेत पाईप असू शकतो, बोर्डाच्या रेषेत वायर. ती जागा टाळा. फरशी कोरडी करा, पायात चप्पल घाला. टाईल्स असतील तर खुणेवर चिकटपट्टी लावा. टाईल पार होईपर्यंत मशीनचा हॅमर बंद ठेवा. छिद्रातली भुकटी काढून प्लास्टिकची गिट्टी ठोकून बसवा. ती बोटाने आत गेली तर छिद्र सैल झालंय. स्क्रू गिलाव्यात नाही, विटेत रुतला पाहिजे. अडीच इंची घ्या. भिंत चार इंचीच असेल तर आरपार बोल्ट टाकून पलीकडून लोखंडी पट्टी लावणं पक्कं. हे काम मिस्त्रीकडून करून घ्या.

शेवटी : दोघींनी मिळून जोरात ओढून बघा. जराही हलली तर कुणाला धरू देऊ नका.

ड्रिल मशीन भाड्याने आणली तर एका दिवसात गटातल्या चार-पाच घरांचं काम होतं. आपल्या दशसूत्रीत आरोग्याची काळजी आहेच. येत्या बैठकीत विचारा : कुणाच्या घरी म्हातारं माणूस, गरोदर बाई किंवा दिव्यांग आहे? पहिली दांडी त्या घरी.