चित्रशाळेतील यंत्र

गोव्यातील पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील गणपतीच्या चित्रशाळा, म्हणजे चवथीसाठी मातीच्या मूर्ती घडवणारे घरगुती कारखाने, थोड्या संख्येच्या आणि गिऱ्हाईकागणिक बदलणाऱ्या मालाचे यांत्रिकीकरण कुठवर जाऊ शकते, याचा उत्तम नमुना आहेत. येथे मूर्ती बहुधा मागणीनुसार होते. घराण्याचा पाट चित्रशाळेत पोहोचतो आणि त्याची रुंदी, माटोळीखाली (मूर्तीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली) उरणारी उंची, घरात चालत आलेली बैठक व पीतांबराचा रंग यांवरून मूर्ती ठरते. शिवाय सारे काम भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या आत हातावेगळे व्हावे लागते, त्यामुळे विकत घेतलेले यंत्र पुढे कित्येक महिने नुसते उभे राहते.

यंत्राचा शिरकाव सर्वांत सहज होतो तो माती मळण्यात. पगमिल, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती कापत व दाबत पुढे ढकलणारे यंत्र, येथे चालून जाते, कारण मळलेल्या गोळ्याला अजून कोणाच्या घरचे नाव चिकटलेले नसते. साच्याचेही तेच: धड साच्यातून काढायचे, हात, सोंड व आयुधे मागाहून पातळ मातीने जोडायची, म्हणजे फरक जितका शेवटी ढकलता येईल तितका ढकलायचा.

खरी अडचण वाळवणीची आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्याशी संयोग पावून थोड्याच वेळात घट्ट होते. मातीला मात्र पाणी सोडूनच वाळावे लागते, आणि श्रावणाच्या दमट हवेत घाई केली तर जाड बैठक ओली राहून पातळ कानांना तडे जातात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली, तेव्हा यंत्राला सर्वांत सोयीचा पदार्थच बाद झाला. गंमत अशी की तेच प्लास्टर, मातीतले पाणी शोषून ती सुटी करते म्हणून, साच्याच्या रूपाने कामात येते. गोवा हस्तकला, ग्रामीण व लघुउद्योग विकास महामंडळाचे साहाय्यही मातीच्या मूर्तीमागेच मोजले जाते.

रंगकामात अंगाचा सपाट रंग कंप्रेसरवरच्या स्प्रे गनने भरता येतो, पण दागिने आणि डोळ्यांची आखणी कुंचल्यानेच होते. संगणकावर रचून त्रिमितीय छपाईने काढलेली मूळ प्रतिमा साचा करण्यास उपयोगी पडेल, परंतु त्या साच्यातून वर्षानुवर्षे पुरेशा मूर्ती निघाल्या तरच खर्च भरून निघतो. ज्या बैठकीची मूर्ती दरवर्षी एकाच घरी जाते, तिच्यासाठी साधा साचाही परवडत नाही. ती हातानेच घडवणे स्वस्त पडते.