मर्यादा वेगळ्या, समुद्र एकच

प्रदूषणाच्या बाबतीत प्रत्येक अपराध्याची स्वतंत्र चौकशी करण्याची पद्धत आपल्याकडे रूढ झाली आहे. पर्यावरण (संरक्षण) नियमांखाली १९९३ साली सांडपाण्याची मानके ठरली. त्यांनुसार समुद्रात सोडावयाच्या पाण्यात तांबे लिटरमागे ३ आणि जस्त १५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे; त्याचे तापमानही समुद्राच्या पाण्यापेक्षा ५ अंश सेल्सिअसहून अधिक नसावे. तक्त्यात प्रत्येकाची ओळ निराळी आहे. समुद्रातील शैवालांना मात्र हे सारे एकाच वेळी सोसावे लागते.

या शैवालांना क्षुद्र समजण्याचे कारण नाही. पृथ्वीवरील प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे निम्मा वाटा समुद्रातील सूक्ष्म वनस्पती उचलतात. माशांच्या अन्नसाखळीचा पायाही त्याच होत. तांबे त्यांना अत्यल्प प्रमाणात आवश्यकच असते, परंतु प्रमाण वाढताच ते प्रकाशसंश्लेषणात बिघाड करते. अतिरिक्त उष्णतेचा घावही तेथेच बसतो. दोहोंमुळे पेशीत ऑक्सिजनची विघातक रूपे साचतात. त्यांच्या निवारणाला ऊर्जा लागते आणि ती पुरविणारी यंत्रणाच दुबळी झालेली असते. त्यामुळे एरवी सोसवणारी तांब्याची मात्रा तापलेल्या पाण्यात घातक ठरू शकते.

हा धोका केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान सरासरी सुमारे १ अंशाने वाढले. ज्या पाण्याच्या तुलनेत ५ अंशांची सवलत दिली, ते पाणीच तापत चालले आहे. म्हणजे कारखान्याने तांब्याचा एक कणही अधिक सोडला नाही, तरी कालची मर्यादा आज तितकी सुरक्षित राहत नाही.

अथांग समुद्रात सांडपाणी विरून जाते, असा युक्तिवाद केला जातो. भर समुद्रात तो काही अंशी खरा असेल. परंतु अरुंद खाडीत पाण्याची अदलाबदल मंद असते आणि धातू कुजून नाहीसे होत नाहीत, ते गाळात साचतात. अर्थशास्त्राच्या भाषेत हा बाह्य खर्च होय: मालाच्या किमतीत तो दिसत नाही, कारखानदाराच्या हिशेबवहीत चढत नाही आणि अखेर मच्छीमाराच्या रिकाम्या जाळ्यातून वसूल होतो.

तेव्हा मानके ठरविताना उष्णता व धातू यांची एकत्रित चाचणी स्थानिक शैवालांवर घेतली पाहिजे, प्रत्येक खाडीवर पडणाऱ्या एकूण भाराची मोजदाद ठेवली पाहिजे आणि समुद्राच्या बदलत्या तापमानानुसार मर्यादांचा ठराविक काळाने फेरविचार केला पाहिजे. याला खर्च येईल, हे खरे. पण तो आज कोणीच करीत नाही असे नाही. जो करतो त्याला कोणी विचारलेले नाही, एवढेच.