पुठ्ठ्याची नळी, सोळाशे अंश

पोलादाच्या भट्टीत सुमारे १६०० अंश सेल्सिअसचा रस खदखदतोय. त्याचं तापमान बघायला कामगार लांबलचक दांडा घेऊन पुढे येतो. त्या दांड्याच्या टोकाला काय असतं माहितीय? पुठ्ठ्याची नळी! सोळाशे अंशांत पुठ्ठा?

ही जादू उलगडण्याआधी एक गंमत ऐका. कुठलाही थर्मामीटर खरं तर स्वतःचंच तापमान सांगतो. ज्यात तो बुडवलाय त्याच्याइतकाच तो तापला, तरच त्याचं उत्तर खरं. कपभर चहात थंडगार डाव बुडवला तर चहाच निवतो ना? तसाच धटिंगण थर्मामीटर जे मोजायचं तेच बदलून टाकतो. म्हणून साधन निवडताना ते किती अंश सोसेल एवढंच पाहून भागत नाही. ते किती चटकन तापेल, हेही बघावं लागतं.

पारा तर इथे बादच. उणे ३९ अंशांच्या आसपास तो गोठतो आणि ३५७ ला उकळतो.

मग १८२१ सालातला शोध कामी येतो. थॉमस सीबेक यांनी दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्यांची टोकं जोडून कडं केलं, एक सांधा तापवला आणि जवळची होकायंत्राची सुई हलली! त्यांना वाटलं, हे चुंबकत्व. प्रत्यक्षात कड्यातून वीज वाहत होती. नुसत्या उष्णतेच्या फरकातून वीज! हेच थर्मोकपल. कारखान्यांत सर्रास दिसणाऱ्या के-टाइपमध्ये दर अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टचे ४१ दशलक्षांश. पण हे व्होल्ट सांगतात दोन टोकांतला फरक. गार टोक किती गार आहे, ते कोण सांगणार? त्यासाठी मीटरच्या पोटात आणखी एक छोटा थर्मामीटर लपलेला असतो!

आता पुठ्ठ्याकडे या. नळीच्या टोकाशी क्वार्ट्झच्या बारीक नळीत प्लॅटिनम आणि प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या केसासारख्या तारा असतात. वरच्या मळीतून जाताना त्यांना जपायला एक टोपी असते, ती रसात पोचताच वितळून जाते. तारा इतक्या बारीक की काही सेकंदांत त्या रसाइतक्या तापतात. पुठ्ठा बाहेरून जळत राहतो, पण आत आच पोचायला वेळ लागतो. तेवढ्यात आकडा हाती येतो आणि टोक फेकून दिलं जातं. प्लॅटिनम स्वतः १७६८ अंशांना वितळतं, म्हणजे सुटका थोडक्यातच!

प्रयोगशाळेत ही घाई नको असते, तिथे अचूकपणा हवा. तिथला लाडका पीटी-१००. प्लॅटिनमच्या तारेचा विद्युतरोध शून्य अंशाला १०० ओहम, शंभर अंशांना सुमारे १३८.५. हा बदल इतका इमानी की अंशाचे बारीक तुकडेही पकडता येतात. अडचण एकच : मीटरपर्यंत जाणाऱ्या तारांनाही रोध असतो. तो वजा करायला तीन किंवा चार तारा ओढाव्या लागतात.

आणि हात लावणंच अशक्य असेल तर? फिरणारी सिमेंटची भट्टी घ्या. तिथे इन्फ्रारेड गन लांबूनच प्रारणं मोजते. पण चकचकीत स्टीलच्या पातेल्यावर ती साफ फसते. गुळगुळीत धातू स्वतः फारच कमी प्रारणं सोडतो, उलट समोरच्या भिंतीची परावर्तित करतो. गन बिचारी तुम्हाला बऱ्याच अंशी भिंतीचंच तापमान सांगते! उपाय फारच स्वस्त आहे : पातेलं टेपला सोसेल इतपतच तापलं असेल, तर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, तो पातेल्याइतका तापू द्या आणि त्यावर नेम धरा.