माती इम्पोर्ट करताय? गोणीवरचं नाव नको, मातीवर काय केलंय ते बघा!



माती म्हटलं की आपल्याला ती साधी, स्वस्त गोष्ट वाटते. गणपतीची शाडू, चेहऱ्याला लावायची मुलतानी, कपबशीची चिनी माती, सगळी मातीच की! पण कस्टम्सच्या टॅरिफमध्ये या मातीला एक नाही, अनेक घरं आहेत. माल चुकीच्या घरात टाकला की ड्युटी बदलते, जीएसटी बदलतो, आणि वर्ष-दोन वर्षांनी नोटीस दारात येते. सिरॅमिक, रंग, फाउंड्री किंवा तेल रिफायनरीला लागणारी माती बाहेरून आणून विकायचा विचार असेल, तर हा विषय पहिला कंटेनर मागवायच्या आधी समजून घ्या.

कोड कुणाचा, जबाबदारी कुणाची?

आपल्याकडे आयात मालाला आठ आकडी कोड असतो. पहिले सहा आकडे हार्मोनाइज्ड सिस्टिमचे, म्हणजे जगातल्या बहुतेक देशांत तेच. पुढचे दोन भारताचे स्वतःचे, कस्टम्स टॅरिफ अॅक्ट, १९७५ मधले. म्हणून परदेशी सप्लायरने इन्व्हॉइसवर टाकलेला कोड डोळे झाकून उचलू नका. त्याने तो त्याच्या देशातल्या कागदपत्रांसाठी टाकलेला असतो.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. २०११ पासून आपल्याकडे सेल्फ असेसमेंट आहे. बिल ऑफ एंट्री तुमचा कस्टम्स ब्रोकर भरेल, पण कोड बरोबर असण्याची जबाबदारी इम्पोर्टर म्हणून तुमच्यावर येते.

मातीची घरं कोणती?

- २५०७: केओलिन, म्हणजे चिनी माती, आणि तिच्या जातीच्या इतर माती.
- २५०८: बेंटोनाइट, फायरक्ले, बॉल क्ले, कच्ची मुलतानी माती वगैरे.
- ३८०२: अॅक्टिव्हेट केलेली माती. उदाहरणार्थ, खाद्यतेलाचा रंग काढायला वापरतात ती ब्लीचिंग अर्थ.
- ६८०६: भट्टीत फुगवलेली, हलकी झालेली माती.
- ३३०४: फेसपॅक म्हणून तयार केलेली माती. ती आता माती राहिली नाही, सौंदर्यप्रसाधन झाली.
- ३४०७: मुलांच्या खेळण्याची मॉडेलिंग क्ले.

आता गंमत बघा. बॉल क्ले आणि चिनी माती, दोन्हींत मुख्य खनिज केओलिनाइटच. तरी आपल्या टॅरिफमध्ये बॉल क्लेचं नाव २५०८ खाली लिहिलेलं आहे. म्हणजे इन्व्हॉइसवर नुसतं ‘इंडस्ट्रियल क्ले’ लिहून भागत नाही.

खरी किल्ली: मातीवर काय केलंय?

प्रकरण २५ च्या सुरुवातीलाच एक टीप आहे. ती सांगते की माल धुतलेला, दळलेला, चाळलेला चालेल. पण मिसळून तयार केलेला किंवा त्यापुढची प्रक्रिया केलेला माल या प्रकरणात बसत नाही, हेडिंगमध्ये तशी सूट दिली असेल तरच बसतो. भाजलेली माती हे त्या सुटीचं उदाहरण. टीप एरवी भाजलेला माल बाहेर काढते, पण २५०७ आणि २५०८ च्या शब्दांतच भाजलेली माती चालेल असं म्हटलंय.

बेंटोनाइट घ्या. खाणीतून काढलं, वाळवलं, दळलं, तर ते २५०८. त्याच बेंटोनाइटवर आम्लाची प्रक्रिया करून त्याची रंग शोषायची ताकद वाढवली, की ते ३८०२. सोडा अॅशसारख्या अल्कलीने अॅक्टिव्हेट करून फाउंड्रीसाठी किंवा ड्रिलिंगसाठी विकत असतील, तरी ३८०२ चा प्रश्न उभा राहतो. दोन्ही पावडरी बघायला सारख्या, गोणीवर दोन्हीकडे ‘बेंटोनाइट’. फरक कळतो तो प्रक्रियेच्या कागदावर आणि लॅबच्या रिपोर्टमध्ये.

हिशोब करून बघू

समजा एका कंटेनरची असेसेबल व्हॅल्यू १० लाख रुपये. पुढचे दर फक्त उदाहरणासाठी धरलेत. दर बदलत राहतात, त्यामुळे बिल ऑफ एंट्री भरताना चालू दर बघा.

पहिल्या कोडला बेसिक ड्युटी २.५%, तिच्यावर १०% सोशल वेल्फेअर सरचार्ज, आणि आयजीएसटी ५%. एकूण ७८,८७५ रुपये. दुसऱ्या कोडला बेसिक ७.५%, तोच सरचार्ज, आणि आयजीएसटी १८%. एकूण २,७७,३५० रुपये.

आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, पण तोवर तुमचं भांडवल अडकतं. बेसिक आणि सरचार्ज मात्र परत येत नाहीत. इथे तो फरक कंटेनरमागे ५५,००० रुपये आहे. असे सहा कंटेनर विकून झाले आणि मग नोटीस आली, तर ३,३०,००० रुपये खिशातून जातील. ग्राहकाला तेव्हा जुन्या बिलाचा फरक मागता येत नाही! कस्टम्स साधारण दोन वर्षं मागचं मागू शकतं, मुद्दाम लपवल्याचं सिद्ध झालं तर पाच वर्षं. शिवाय व्याज, आणि लपवाछपवीत ड्युटीइतका दंड.

ऑर्डरआधी सप्लायरला हे पाच प्रश्न विचारा

१. मातीतलं मुख्य खनिज कोणतं? एक्सआरडी रिपोर्ट आहे का?
२. खाणीपासून गोणीपर्यंत काय काय केलं? क्रमाने लिहून द्या.
३. आम्ल, अल्कली किंवा दुसरं रसायन वापरलं का? कशासाठी?
४. दोन माती किंवा आणखी काही मिसळलंय का?
५. हा ग्रेड कोणत्या वापरासाठी विकता?

उत्तरं ईमेलवर घ्या आणि जपून ठेवा. सँपल मागवून इथल्या लॅबमध्ये तपासा. कस्टम्सही सँपल काढू शकतं, तेव्हा तुमचा कागद आणि त्यांचा रिपोर्ट जुळला पाहिजे.

तरीही शंका असेल तर?

कायद्यात आगाऊ निर्णय मागायची सोय आहे, तिला अॅडव्हान्स रूलिंग म्हणतात. मुंबई आणि दिल्लीत त्यासाठी प्राधिकरण आहे. माल आणायच्या आधी अर्ज करायचा, फी १०,००० रुपये, आणि तीन महिन्यांत निर्णय देण्याची तरतूद आहे. एकदाच छोटा लॉट आणणार असाल तर हे जड वाटेल. पण दर महिन्याला न्हावा शेव्यात कंटेनर उतरवायचा असेल, तर वरच्या ३,३०,००० पुढे हे १०,००० काहीच नाहीत.

मित्रांनो, मातीच्या धंद्यात मार्जिन किलोमागे पैशांत असतं. ते टिकवायचं तर आधी कोड पक्का करा, मग भाव ठरवा आणि मगच ऑर्डर द्या. आजच सप्लायरला ते पाच प्रश्न पाठवा!